कोकणातल्या घरासाठी गाडी निवडताना: दणकट एसयूव्ही की सात सीटर?

दिवाळी झाली की गाडीबद्दल विचारणारे फोन सुरू होतात. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा बुकिंग करून टाकलेलं असतं आणि त्याला माझ्याकडून फक्त 'बरोबर केलंस' एवढंच ऐकायचं असतं. मग मी विचारतो, घराकडे उतरताना गडग्यापासून गडग्यापर्यंत, म्हणजे दोन्हीकडच्या दगडी कुंपणांमधली, रुंदी किती? फोनवर शांतता.

चूक क्रमात होते. आधी शोरूम, मग रंग, मग कर्ज, आणि गाडी दारात आणताना घराची वाट आठवते. खाली दिलेला क्रम नेमका उलटा आहे. घरापासून सुरुवात, शोरूम शेवटी. टप्पे गाळू नका, मागेपुढेही करू नका, कारण प्रत्येक टप्प्यात पुढच्यासाठी लागणारा आकडा मिळतो.

शब्दांचं एक स्पष्ट करतो. या लेखात 'दणकट एसयूव्ही' म्हणजे चेसीवर (खालच्या लोखंडी चौकटीवर) बांधलेली आणि मागच्या किंवा चारही चाकांना (फोर बाय फोर) ताकद देणारी गाडी: बोलेरो, स्कॉर्पिओ, थार, जिम्नी. 'सात सीटर' म्हणजे अर्टिगा, रुमियन, कॅरेन्स, ट्रायबर यांसारखी, पुढच्या चाकांवर चालणारी घरची गाडी. क्रेटा किंवा सफारी दिसायला उंच असल्या तरी त्याही पुढच्याच चाकांवर चालतात. चढाच्या हिशेबात त्यांना सात सीटरच्या रांगेत बसवा.

टप्पा १: वर्षाच्या फेऱ्या वहीत उतरवा

मुलाची जुनी वही घ्या आणि मागच्या बारा महिन्यांतल्या फेऱ्या आठवून लिहा. चार रकाने पुरतात: कुठे गेलो, किती माणसं, काय सामान, शेवटचा रस्ता कसा. पेट्रोलच्या पावत्या आणि मोबाईलमधले फोटो आठवायला मदत करतात. एकट्याने लिहू नका, घरातल्या बायकांना सोबत बसवा. दवाखान्याच्या आणि माहेरच्या फेऱ्या पुरुषांच्या लक्षात राहत नाहीत, हा माझा अनुभव.

आता दोन बेरजा करा.

पहिली: पाच किंवा जास्त माणसं किती दिवस बसली?
दुसरी: डांबर सोडून कच्च्या, चढाच्या किंवा चिखलाच्या वाटेवर गाडी किती दिवस गेली?

माझा ठोकताळा असा. पहिली बेरीज चाळिसाच्या वर आणि दुसरी विसाच्या खाली असेल, तर सात सीटरकडे झुका. दुसरी शंभराच्या वर गेली, म्हणजे बागेत, मांगरावर, कोळंबीच्या तळ्यावर रोजचं जाणं आहे, तर दणकट गाडी. मधल्या लोकांचा निर्णय टप्पा २ करतो.

सावध: गणपतीच्या पाच दिवसांसाठी गाडी घेऊ नका. मुंबईहून चौदा चाकरमानी येतात म्हणून कोणतीच गाडी पुरणार नसते. त्या दिवसांसाठी गावातली वडाप आणि भाड्याची गाडी आहे.

टप्पा २: घराची वाट मोजा, तीही पावसात

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मे महिन्यात मोजाल तर फसाल. कोरडा जांभा दगड टायरला घट्ट धरतो. तोच जांभा श्रावणात शेवाळ धरतो आणि त्यावरून माणूससुद्धा काठी टेकत उतरतो. म्हणून मोजणी श्रावण-भाद्रपदात, नाहीतर निदान परतीच्या पावसात करा.

सोबत घ्या: पाच मीटरची टेप, दोन मीटरची सरळ पट्टी, गवंड्याची लेव्हल, दोरी, एकसारख्या उंचीचे चार चिरे (बांधकामाचे दगड) आणि एक माणूस.

*रुंदी.* गडग्यांमधली सगळ्यात अरुंद जागा शोधा. जमिनीवर मोजा आणि कमरेच्या उंचीवरही मोजा, कारण जुना गडगा पोट काढून बाहेर आलेला असतो. आरसे सोडून गाड्यांची रुंदी अशी: जिम्नी १६४५ मिलिमीटर, अर्टिगा १७३५, बोलेरो १७४५, थार १८२०, स्कॉर्पिओ-एन १९१७. आरसे उघडे असताना दोन्ही बाजूंना हातभर तरी मोकळं हवं, नाहीतर पावसातल्या अंधारात रोज घासाल. आमच्या खालच्या वाडीतल्या एका घरी मोठी एसयूव्ही आली आणि पहिल्याच दिवशी कळलं की ती पाणंदीत शिरतच नाही. ती आजही वर देवळापाशी उभी असते. घरची माणसं भिजत वर चढतात आणि मग गाडीत बसतात.

*चढ.* सगळ्यात तीव्र जागी पट्टीचं वरचं टोक जमिनीला टेकवा, लेव्हल ठेवून पट्टी आडवी करा आणि खालच्या टोकापासून जमिनीपर्यंत अंतर मोजा. दोन मीटरला ३० सेंटीमीटर आले तर चढ १५ टक्के, ४० आले तर २० टक्के. असं तीन ठिकाणी करा. वळणावर आतल्या बाजूने मोजा, चढ तिथे जास्त असतो.

*उंचवटा.* इंजिनाखालचा तेलाचा चेंबर फुटतो तो बहुतेक इथेच. फाटकाजवळची मोरी, पाइपावर टाकलेली माती, रस्त्याच्या कडेचा उंच बांध. अर्टिगाच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत २.७४ मीटर अंतर आहे. तेवढ्या अंतरावर उंचवट्याच्या अल्याड-पल्याड एक-एक चिरा ठेवा आणि त्यांच्या माथ्यावरून दोरी ताणा. दोरी उंचवट्याला टेकत असेल तर दोन्हीकडे एक-एक चिरा वाढवा. आता दोरीपासून उंचवट्याच्या टोकापर्यंत अंतर मोजा आणि ते दोरीखालच्या चिऱ्यांच्या उंचीतून वजा करा. उत्तर म्हणजे गाडीच्या पोटाखाली येणारा उंचवटा. सात सीटरचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची) कागदावर १८० मिलिमीटरच्या आसपास असतो, पण तो रिकाम्या गाडीचा. सात माणसं बसली की मागची बाजू चार-पाच सेंटीमीटर सहज खाली येते. म्हणून तुमचं उत्तर १२ सेंटीमीटरच्या वर असेल, तर भरलेली सात सीटर तिथे टेकणार असं धरून चला. उलटही लक्षात ठेवा. बोलेरोचा क्लिअरन्सही १८० च्याच घरात आहे. थार फोर बाय फोर २२६ वर जाते. उंच दिसणारी गाडी खालूनही उंच असतेच असं नाही.

*पाणी.* वाटेत वहाळ (ओढा) किंवा फरशी (त्यावरचा बुटका पूल) असेल तर जोराच्या सरीनंतर अर्ध्या तासाने काठीने खोली पाहा. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत असेल तर सात सीटर उलटी फिरवायची. थारला कंपनी ६५० मिलिमीटर सांगते, पण तो आकडा थांबलेल्या पाण्याचा आहे. वाहत्या पाण्यात कोणतीच गाडी घालू नका. पाणी आधी गाडीला उचलतं, मग नेतं.

*जंगल-जेटी,* म्हणजे गाड्या खाडीपार नेणारी फेरीबोट. दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, दिघी-आगरदांडा किंवा जयगड-तवसाळ असं तुमचं नियमित जाणं असेल, तर सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळेला जेटीवर उभं राहून दहा मिनिटं बघा. पाणी उतरलं की रॅम्पचा कोन बदलतो आणि लांब नाकाच्या गाड्यांचा बंपर घासतो. तिथे रोज चढणारी कोणती गाडी घासते ते जेटीवरची पोरं न विचारता सांगतात.

तपासा: वहीत आता चार आकडे हवेत: सगळ्यात कमी रुंदी, सगळ्यात जास्त चढ, सगळ्यात मोठा उंचवटा, पावसातलं पाणी. एकही राहिला असेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३: आकड्यांवरून चाकं ठरवा

चढावर गाडीचं वजन मागे सरकतं. त्यात मागच्या दोन रांगांत पाच माणसं आणि डिकीत तांदळाचं पोतं. पुढची चाकं हलकी होतात, आणि सात सीटरला ओढणारी चाकं तीच. ओल्या जांभ्यावर ती जागच्या जागी फिरतात, क्लच जळल्याचा वास येतो आणि गाडी मागे घसरते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं बरोबर उलट होतं. वजन जितकं मागे, तितकी तिची पकड वाढते. बोलेरो डोंगरातल्या वाड्यांतून वर्षानुवर्षं फिरते त्याचं एक मोठं कारण हे.

माझा कौल:

- चढ १५ टक्क्यांच्या आत आणि वर डांबर किंवा खरखरीत काँक्रीट: सात सीटर निर्धास्त घ्या.
- १५ ते २० टक्के, वर जांभा किंवा माती: सात सीटर रिकामी चढेल, भरलेली अडेल. मागच्या चाकांची गाडी बघा.
- २० टक्क्यांच्या वर, त्यात वळण आणि शेवाळ: फोर बाय फोर, किंवा रस्ता सुधारा.

हा शेवटचा पर्याय कोणी धरतच नाही, म्हणून आग्रहाने सांगतो. आमचं घर डांबरी रस्त्यापासून दोनशे मीटर खाली आहे. त्यातले फक्त तीस मीटर वाईट होते. तिथे आम्ही काँक्रीट ओतलं, ओलं असतानाच आडव्या तिरक्या खाचा मारून घेतल्या आणि मोरीच्या दोन्ही बाजूंना उतार लांबवला. खर्च झाला तो फोर बाय फोर आणि साध्या गाडीच्या फरकापेक्षा कितीतरी कमी. त्या वाटेने आता रिक्षाही येते, रुग्णवाहिकाही येते. श्रावणात एकदा ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासलं की शेवाळही राहत नाही. वाट सामाईक असेल तर शेजाऱ्यांशी आधी बोला. वाद झाला तर गाडीच्या आधी तो मिटवावा लागेल.

सावध: फोर बाय फोर चढायला मदत करतं, थांबायला नाही. ओल्या उतारावर ब्रेक लावला की सगळ्या गाड्या टायरच्या भरवशावर असतात. गोट्या झालेले टायर लावून फोर बाय फोरचा लिव्हर ओढणं व्यर्थ आहे.

टप्पा ४: माणसं आणि सामान बसवून बघा

आता शोरूम, पण पैशाचं बोलणं नाही. घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस आणि सगळ्यात उंच माणूस दोघांना घेऊन जा.

माझी आई उंच एसयूव्हीच्या दारात उभी राहिली. एका हाताने पदर सावरत दुसऱ्या हाताने वरची कडी शोधत होती. डावा पाय उचलला, पायरीला लावला आणि पुन्हा खाली ठेवला. "बाबू, पाय वर येत नाही रे." विक्रेता म्हणाला, फूटस्टेप लावून देऊ. फूटस्टेप लावल्यावर चढायचे टप्पे एकाचे दोन होतात, आणि गुडघा दोनदा वाकवावा लागतो. शेजारच्या सात सीटरमध्ये ती पाठमोरी होऊन सीटवर टेकली आणि पाय आत घेतले. आमचा निर्णय तिथेच अर्धा झाला.

क्रमाने हे करा:

१. वयस्कर माणसाने मधल्या रांगेत तीनदा चढावं-उतरावं. पहिल्यांदा जमतंच, तिसऱ्यांदा खरं कळतं.
२. उंच माणसाने तिसऱ्या रांगेत दहा मिनिटं बसावं. गुडघे छातीशी येतात का, डोकं छताला लागतं का, एसीचा झोत पोहोचतो का?
३. तिसऱ्या रांगेत प्रत्येकाला नीट पट्टा आणि डोक्यामागे आधार आहे का, ते हाताने ओढून बघा. बोलेरोसारख्या गाडीत मागच्या सीट बाजूला तोंड करून असतात. अशा सीटवर मुलांना बसवून घाट उतरू नका.
४. सगळ्या सीट उभ्या ठेवून डिकी उघडा. अर्टिगात सात माणसं बसल्यावर २०९ लिटर जागा उरते, म्हणजे दोन-तीन बॅगा. तिसरी रांग पाडली की ५५० लिटर. आंब्याची रिकामी पेटी सोबत न्या आणि ठेवून बघा. लिटरच्या आकड्यापेक्षा डिकीच्या तोंडाची रुंदी आणि उंबरठ्याची उंची महत्त्वाची.

ज्यांना गाडी लागते त्यांचाही विचार आत्ताच करा. कुंभार्ली, आंबा, करूळ किंवा आंबोली घाटात तिसऱ्या रांगेत सगळ्यात जास्त उलट्या होतात, आणि तिथल्या काचा उघडत नाहीत. उंच, चेसीवाली गाडी रिकामी असताना मागे उड्या मारते आणि वळणावर झुलते. लहान मुलांचं घर असेल तर हा मुद्दा तुमच्या अंदाजापेक्षा मोठा आहे.

टक्कर-चाचणीचे तारे तपासा, पण गाडीच्या आकारावरून अंदाज बांधू नका. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये पाच तारे मिळाले आणि बोलेरो निओला २०२४ मध्ये एक. त्याच वर्षी अर्टिगालाही एकच. दोन्ही बाजूंना कच्च्या गाड्या आहेत. घेणार ते मॉडेल आणि त्याच वर्षाची आवृत्ती कोणत्या चाचणीतून गेली आहे, ते विचारा.

टप्पा ५: इंधन

हे थोडक्यात. रोजच्या फेऱ्या चार-पाच किलोमीटरच्या असतील तर नवं डिझेल घेऊ नका. बीएस-६ डिझेलच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून सलग वीस-पंचवीस मिनिटं चांगल्या वेगाने पळावी लागते. घर ते बाजार, बाजार ते घर एवढंच चाललं की ती तुंबते आणि दिवा लागतो. महिन्यातून दोनदा तरी महामार्गावर लांब जाणं होत असेल तर डिझेल चालेल, आणि चढाला त्याची ओढ पेट्रोलपेक्षा सरस आहे.

सीएनजी घ्यायचं असेल तर आधी घरापासून पंपाचं अंतर आणि मे महिन्यातली तिथली रांग बघा. टाकी डिकीतली जागा खाते, आणि तिची दर तीन वर्षांनी तपासणी करून घ्यावी लागते. भरलेली सीएनजी सात सीटर तीव्र चढावर धापा टाकते. चढाआधी पेट्रोलवर घ्यायची सवय ठेवा.

टप्पा ६: चाचणी, भरलेल्या गाडीने

शोरूमवाले महामार्गावर नेऊन आणतात. त्यात काहीच कळत नाही. 'घरी घेऊन या, नाहीतर बुकिंग नाही' असं सांगितलं की बहुतेक जण तयार होतात. तालुका लांब असेल तर कोणाकडे तीच गाडी आहे ते शोधा आणि डिझेल-पेट्रोलचे पैसे देऊन एक फेरी मारून घ्या.

१. आधी एकट्याने उतरा आणि चढा. कुठे घासतं का, ऐका.
२. मग पाच-सहा माणसं बसवून तेच करा. एकाला बाहेर उभं करून मोरीवर गाडीच्या पोटाखाली बघायला सांगा.
३. चढाच्या मध्यावर मुद्दाम थांबा, हँडब्रेक लावा आणि पुन्हा निघा. समोरून दुसरी गाडी आली की रोज हेच करायचं आहे.
४. ऑटोमॅटिक घेणार असाल तर हीच पायरी दोनदा करा. स्वस्त एएमटी गिअरची (साध्या गिअरबॉक्सचेच क्लच-गिअर आपोआप चालवणारी) गाडी निघताना क्षणभर मागे येते. मागे गडगा असेल तर तो क्षण पुरतो.
५. खळ्यात वळवून बघा. एका दमात वळते की मागे-पुढे चार वेळा?
६. शेवटी रात्री एकदा. उंच नाकाच्या गाडीतून पाणंदीतला खड्डा दिसत नाही, हे दिवसा कळत नाही.

तपासा: चाचणीनंतर वही उघडा. चारपैकी एका जरी आकड्यावर गाडी अडली असेल, तर ती यादीतून काढा. मन कितीही बसलं असलं तरी.

टप्पा ७: पैसे आणि कागद

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीची रचना बदलली. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल-सीएनजी आणि १५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी १८ टक्क्यांत येते, बाकी ४० टक्क्यांत. त्यामुळे बोलेरो आणि ट्रायबर १८ मध्ये, तर अर्टिगा आणि जिम्नी ४० मध्ये. जुन्या तुलना वाचून ठरवत असाल तर त्या आता चालणार नाहीत. महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीला किमतीनुसार ११ ते १३ टक्के रोड टॅक्स आहे, डिझेलला १३ ते १५. नेहमी ऑन-रोड किमतीची तुलना करा.

विम्यात इंजिन संरक्षणाचं कलम वेगळं घ्या. साध्या पॉलिसीत पाणी शिरून इंजिन गेलं तर दावा अडतो. जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर अनेकांना हे कळलं. आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला सांगून ठेवा: पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायची नाही. किल्ली फिरवली की इंजिनात पाणी ओढलं जातं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा आणि टोइंगला फोन करा.

बुकिंगआधी जवळच्या गॅरेजवाल्याशीही बोला. तुमच्या बाजारपेठेत ती गाडी कोण उघडतो, सुटे भाग किती दिवसांत येतात? दोनशे किलोमीटरवर कोल्हापुरातून पार्ट यायचा असेल तर तोही खर्चच.

टप्पा ८: गाडी दारात आल्यावर पहिला महिना

खाऱ्या हवेत पत्रा खालून सडतो. दणकट गाडीची चेसीही सडते, तिला त्यातून सूट नाही. पहिल्याच महिन्यात, पहिला पाऊस लागण्याआधी, अंडरबॉडी कोटिंग करून घ्या. करताना दारांच्या खालच्या कडेची पाणी निघायची छोटी भोकं बुजवली जात नाहीत ना, ते उभं राहून बघा. ती बुजली की दार आतून कुजतं.

वाळूत गाडी नेऊ नका. फोर बाय फोर घेतलेले लोक पहिल्या रविवारी किनाऱ्यावर उतरतात, ओल्या वाळूत गाडी बसते, भरती चढते आणि मग ट्रॅक्टर शोधत फिरतात. पोलीस गुन्हेही दाखल करतात. किनाऱ्याजवळ नुसती उभी केली असली तरी घरी आल्यावर चाकांच्या कमानी आणि खालची बाजू गोड्या पाण्याने धुवा. खाऱ्या पाण्याचा शिंतोडा सुकायच्या आत धुतलेला बरा.

पावसात गाडी चार दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, तो चिकटतो. सपाट जागी गिअरमध्ये टाका आणि चाकाला चिरा लावा. चाकरमान्यांच्या गाड्या महिनोन्‌महिने पडून असतात. त्यांनी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी आणि बॉनेटखाली उंदरांनी घर केलं नाही ना, ते किल्ली फिरवण्याआधी पाहावं. मागच्या दिवाळीत आमच्या पडवीशेजारी उभ्या असलेल्या गाडीत भाताच्या लोंब्यांसकट घरटं निघालं, आणि दोन वायरी अर्ध्या कुरतडलेल्या होत्या.